विहाराचं छप्पर आणि रुपयाची तब्येत

१ जानेवारी २०२२, शनिवार

संकल्प: रोज पाचला उठणं. रोज एक पान लिहिणं. साखर बंद. मूर्खांशी वाद बंद.

शेवटचा सगळ्यात अवघड. देशात परकीय चलनाचा तुटवडा आहे म्हणतात. मूर्खांचा साठा मात्र आमच्या एकट्या कटुगस्तोट गावात पाच वर्षं पुरेल एवढा आहे.

आजचा कॉलम छापून आला. 'लंकारश्मी', पान चार, 'खणखणीत नाणं', लेखक तिलकसिरी एकनायके. दोन ठिकाणी 'चलन'चं 'चालन' झालंय. तरी लेख उत्तम. मुद्दा सोपा आहे. रुपया हा कागद नव्हे, श्रद्धा आहे. लोकांनी श्रद्धा ठेवली की दोनशेचा डॉलर झक मारत दीडशेवर येतो. मी बत्तीस वर्षं बँकेत काढलीत, त्यातली अकरा असिस्टंट मॅनेजर म्हणून. मला कोण शिकवणार?

बायकोला, सुजीवाला, वाचून दाखवला. म्हणाली, छान आहे, पण दूध पावडर कुठेच मिळत नाहीये, तेवढं जरा बघा ना.

चेकला सही लागते तसं आमच्या घरात कौतुकाला 'पण' लागतं.

४ जानेवारी, मंगळवार

साडेसातला उठलो. पाचला उठून करायचं काय, हे कुणी सांगतच नाही. माणसाची किंमत घड्याळावर नसते, विचारांवर असते.

सुजीवा पावडरीसाठी तीन दुकानं फिरून हात हलवत परत आली. तिला समजावलं, आपण ती पावडर पितो म्हणजे परदेशातल्या गाई पोसतो. कोरा चहा प्यावा. आमच्या आजोबांनी जन्मभर कोराच प्यायला. ती म्हणाली, तुमच्या आजोबांच्या दारात दोन गाई होत्या, अहो.

मुद्दा भरकटवायचा तिचा जुना स्वभाव.

साखरेचा संकल्प तात्पुरता स्थगित. कोरा चहा साखरेशिवाय घशाखाली उतरत नाही.

९ जानेवारी, रविवार

पुढच्या कॉलमची यादी तयार. 'ज्यांच्यावाचून आपलं काही अडत नाही अशा त्रेसष्ट आयाती.' सफरचंदं, चॉकलेट, चीज, अत्तर, फरशा, कुत्र्यांचं खाणं. सत्तेचाळीसावा नंबर छपाईचा कागद. कोलंबोची मोठी वर्तमानपत्रं चाळीस-चाळीस पानं काढतात, त्यांना जरा चाप बसेल.

मेव्हणा पियरत्न आला होता. सुजीवाचा धाकटा भाऊ, बाजारात बेकरी आहे. शिक्षण आठवी नापास. यादी वाचून म्हणाला, दाजी, ह्यात लोणी आहे, यीस्ट आहे, मग मी बन कशाचे करू? म्हटलं, तांदळाच्या पिठाचे कर. म्हणाला, त्याला बन नाही म्हणत, त्याला वीट म्हणतात.

सुजीवा पोट धरून हसली. बहीणभावात एकूण अक्कल मोजून एवढीच, त्यातली वाटणी कशी करणार?

जाताना मासळी भरलेले बारा बन ठेवून गेला. पाच खाल्ले. वाया घालवणं बरोबर नाही.

१७ जानेवारी, सोमवार. पोया

पौर्णिमेची सुट्टी. पांढरे कपडे घालून विहारात. समितीची बैठक होती. आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे लोक विचारतील.

प्रवचनमंडपाचं छप्पर नोव्हेंबरच्या पावसात निम्मं कोसळलंय. रविवारच्या धम्मशाळेची दीडशे मुलं निळ्या ताडपत्रीखाली बसतात. पाऊस आला की ताडपत्रीला पाण्याचं पोट सुटतं आणि एक माणूस काठीने खालून ढोसत उभा राहतो. तर ह्या छपरासाठी हेमालीने पैसे पाठवलेत. हेमाली म्हणजे आपल्या शिंप्याची मुलगी, परदेशात नागोयाला म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. आईच्या नावाने आठ हजार डॉलर. सहा वर्षांची बचत आहे म्हणे. विहाराच्या खात्यात डॉलर म्हणूनच पडून आहेत.

मर्विन कंत्राटदाराचा अंदाज साडेपंधरा लाख. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, रंगीत पत्रे, मजुरी धरून. मर्विनचं म्हणणं, पत्रे बाहेरून येतात, भाव रोज हलतोय, आत्ताच उचलूया.

सोरत भंते माझ्याकडे वळून म्हणाले, एकनायके, तुम्ही ह्यातले जाणते. डॉलर असेच राहू द्यावेत, की मोडावेत, की मर्विन म्हणतो तसं करावं?

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बत्तीस वर्षांत बँकेत असा क्षण एकदाही आला नव्हता.

उभा राहून पंचवीस मिनिटं बोललो. डॉलर धरून बसणं म्हणजे आजारी आईच्या उशाशी बसून कफनाचा भाव विचारणं. आज प्रत्येकाने डॉलर मोडले तर उद्या रुपया ताठ होईल. विहाराने नाही दाखवायची श्रद्धा तर कुणी दाखवायची? आणि पत्र्यांची घाई कशाला? रुपया सावरला की मेमधल्या वेसाकच्या सणापर्यंत बाहेरचा माल तीस टक्के स्वस्त. तोवर सोळा लाख तीन महिन्यांच्या ठेवीत ठेवा, व्याजातून रंगाचा खर्च निघेल.

मधेच इनोका टीचर उठली. धम्मशाळेत शिकवते, एरवी सरकारी शाळेत गणित. म्हणाली, सर, मला एवढंच सांगा, तुमचं खरं झालं तर आपला थोडा फायदा. खोटं झालं तर?

मी म्हटलं, ताई, हे पाढे नाहीत, हे अर्थशास्त्र आहे.

चार जण हसले. ती बसली. काही माणसांना त्यांची जागा प्रेमाने दाखवावी लागते.

भंतेंनी एकदा त्या ताडपत्रीकडे पाहिलं. मग म्हणाले, ठीक आहे. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. तुम्ही म्हणता तसं करू.

घरी चालत आलो. रस्ताभर पाय जमिनीला लागत नव्हते.

३ फेब्रुवारी, गुरुवार

भंतेंच्या सहीचं पत्र घेऊन कँडीला बँकेत गेलो. बँकेत ही गर्दी. सगळे डॉलर मागायला आलेले, द्यायला आलेला मी एकटा. खिडकीमागच्या पोराने कागद दोनदा वाचला, मग हळूच म्हणाला, सर, नक्की ना?

आमच्या वेळी असा प्रश्न विचारणाऱ्याला स्टेशनरी खात्यात धाडत होतो.

आठ हजार डॉलरचे सोळा लाख आणि वर थोडे. तिथेच ठेवीत टाकले.

४ फेब्रुवारी, शुक्रवार. स्वातंत्र्यदिन

कॉलमचं नाव: 'श्रद्धेचे सोळा लाख.' स्वतःचं नाव घेतलं नाही. 'एका जाणकार गृहस्थांच्या सल्ल्याने' असं लिहिलं. नम्रता अंगात असावी लागते.

६ फेब्रुवारी, रविवार

सुजीवाने कपाट आवरताना जुन्या बँक डायरीत ठेवलेले सहाशे ऑस्ट्रेलियन डॉलर काढले. मुलीने मेलबर्नला निघताना हातात कोंबले होते. सुजीवा कमरेवर हात ठेवून म्हणाली, आणि हे काय? भंतेंना डॉलर मोडायला लावलेत आणि स्वतः उशाखाली घेऊन झोपताय?

सांगितलं, ते अभ्यासासाठी आहेत. नमुना म्हणून. डॉक्टरच्या कपाटात विषाची बाटली असते, म्हणून डॉक्टर विष पितो का?

विज्ञानाशी वाद घालता येत नाही. सुजीवा डायरी मात्र आपल्या कपाटात घेऊन गेली.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

कँडीच्या एका खासगी रेडिओवर मुलाखत. विषय 'रिकव्हरी कधी?' छान बोललो. रिकव्हरी सुरू झालेलीच आहे, ती फक्त दिसत नाही. मूळ आधी जमिनीत धरतं. मार्चअखेर डॉलर एकशे नव्वद. शब्द लिहून घ्या म्हणालो.

'लिहून घ्या' म्हटलं आणि लाईट गेली.

स्टुडिओत मिट्ट काळोख. जनरेटरला डिझेल नव्हतं. निवेदक मुलगी मोबाईलच्या उजेडात माझ्याकडे बघत म्हणाली, सर, मूळ धरलं वाटतं.

हल्लीच्या मुलींना मोठ्यांशी कसं बोलावं, हे कुणी शिकवतच नाही.

८ मार्च, मंगळवार

काल मध्यवर्ती बँकेने रुपयाचा दर मोकळा सोडला. डॉलर दोनशे तीस.

लोक उगाच घाबरलेत. हे जुलाबाचं औषध आहे. आधी सगळं बाहेर पडतं, मग पोट साफ. मला हे अपेक्षितच होतं. कॉलममध्ये लिहिलं नव्हतं, कारण लोकांना झेपलं नसतं.

११ मार्च, शुक्रवार

दोनशे साठ.

जुलाब जरा जास्त चाललेत.

दुपारी सुजीवा रिक्षातून उतरली. एका हाताने गॅसचं सिलिंडर धरलेलं, दुसऱ्या हातात पिशवीत दूध पावडरीची चार पाकिटं. कुठून आणलंस म्हटलं, तर म्हणाली, तुमचा नमुना विकला.

सहाशेच्या सहाशे. बाजारातल्या सोनाराकडे. मी म्हटलं, अगं, हा काळा बाजार! मी ह्याच्याविरुद्ध नऊ वर्षं लिहितोय. ती म्हणाली, हो, पण गोरा बाजार बंद होता.

दुधाचा चहा केला तिने. निषेध म्हणून पहिला कप घेतला नाही. दुसरा घेतला.

१८ मार्च, शुक्रवार

मर्विनचा नवा अंदाज आला. एकतीस लाख.

आधी वाटलं, तीन आणि एक उलटे पडलेत. नाही. पत्रे दुप्पट, कैच्यांचं लोखंड दुप्पट, आणि हाही भाव फक्त चार दिवसांपुरता. मर्विन दारात उभा राहून म्हणाला, सर, जानेवारीत मी म्हटलं होतं उचलूया. म्हटलं, मर्विन, तू कंत्राटदार, तुला तत्काळ दिसतं. मी दीर्घकाळ बघतो. तो म्हणाला, दीर्घकाळात पाऊस कुठे पडणार सर, पोरांच्या डोक्यावरच ना?

असल्या माणसाशी काय बोलायचं? पायरीवरूनच घालवला. चहा विचारला नाही.

ठेव मोडली तर व्याज बुडेल. आणि मोडून तरी काय, आता सोळा लाखांत निम्मंच छप्पर होतं. भंतेंना भेटायला जायला हवं. सोमवारी जाईन.

२० मार्च, रविवार

डोकं शांत करायला पियरत्नच्या बेकरीत गेलो. बाकी बेकऱ्यांना टाळं, ह्याच्या दारात पावासाठी रांग. मागच्या खोलीत छपरापर्यंत मैद्याची पोती. कुठून मिळाली रे एवढी? तर म्हणाला, डिसेंबरपासून घेत होतो, दाजी. तुमच्याच कृपेने. तुमचा कॉलम मी एकही चुकवत नाही.

खरं सांगतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आठवी नापास माणूस, पण रक्ताने नसला तरी नात्याने आपलाच. विचारलं, कुठला लेख उपयोगी पडला?

म्हणाला, सगळेच. तुम्ही लिहिता ना, त्याच्या बरोबर उलट करतो. तुम्ही लिहिलंत, मैदा स्वस्त होणार, साठा करू नका. लगेच साठ पोती घेतली. दोन वर्षांपूर्वी तुम्ही लिहिलं होतंत, हळद बाहेरून येणं थांबलं तरी भाव वाढणार नाही. अक्काला विचारा, तिला तेव्हाच दहा किलो नेऊन दिली होती. दाजी, तुम्ही लिहिणं सोडलंत तर मी धंदा कसा करू?

हे तो टिंगल म्हणून बोलत नव्हता. तेच वाईट. मनापासून आभार मानत होता. वर दोन पाव हातात ठेवले.

अशिक्षित माणूस ज्ञानाचा उपयोगही अशिक्षितपणेच करतो. घरी येऊन सुजीवाला विचारलं, हळदीचं खरं का? ती डाळीला फोडणी देत होती. म्हणाली, तुम्हाला काय वाटलं, दोन वर्षं घरात हळद झाडाला लागतेय?

२१ मार्च, सोमवार

भंतेंकडे गेलो नाही. पेट्रोलच्या रांगांमुळे रस्ते अडलेत.

(विहार चालत दहा मिनिटांवर आहे, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.)

२४ मार्च, गुरुवार

संपादक हेट्टिआरच्ची यांनी बोलावलं. कॉलम पानभर करायचा विचार असेल म्हणून नवा शर्ट घालून गेलो.

ऑफिसात ते एकटेच. खिडकीपाशी बसून बिडी ओढत होते. म्हणाले, तिलक, कागद संपला. ह्या आठवड्याचा अंक शेवटचा, तोही चार पानी.

मी म्हटलं, कागद संपतो म्हणजे काय? ते म्हणाले, येत नाहीये. बाहेरून यायचा, आता डॉलर नाहीत म्हणून येत नाही. तुमच्या यादीतला सत्तेचाळीसावा नंबर. आठवतंय?

त्यांना म्हटलं, अहो, ती यादी मोठ्या पेपरांसाठी होती. ते म्हणाले, हो, पण जहाजाला कसं कळणार कोण मोठं आणि कोण लहान?

मग टेबलाच्या खणातून एक फाईल काढून दिली. माझ्या कॉलमला आलेली वाचकांची पत्रं. मला वाटायचं एखादं पोतं असेल. नऊ वर्षांत अकरा. त्यातली आठ एकाच हस्ताक्षरात, आकडेमोडीतल्या चुका दाखवणारी. टक्केवारी कशी काढतात हे एका पत्रात अगदी पायऱ्या पायऱ्यांनी समजावलंय. खाली सही, इनोका.

निदान नियमित वाचक होती, एवढं मान्य करावं लागेल.

शेवटच्या अंकासाठी निरोपाचा लेख देऊ का, विचारलं. हेट्टिआरच्ची म्हणाले, जागा नाही हो. चार पानांत मृत्युवार्ताच मावत नाहीयेत.

१ एप्रिल, शुक्रवार

पुस्तक लिहायचं ठरलं. 'पुनरुत्थानाचा मार्ग.' तीनशे पानं. कॉलम गेला ते बरंच झालं, विचारांना आठशे शब्दांचं कुंपण पडत होतं.

वही आणायला गेलो. वह्या नाहीत. ही रोजनिशी जपून लिहायला हवी. अक्षर बारीक काढतोय.

डॉलर तीनशेच्या घरात. हा आकडा लिहायला जागा फार लागत नाही, म्हणून लिहिला.

१४ एप्रिल, गुरुवार. आमचं नवं वर्ष

सणाला चूल पेटवण्याचा मुहूर्त सकाळचा. ज्योतिष्यांनी वेळ मिनिटापर्यंत दिलेली. मी कधी मानत नाही, पण आज मानलं. माणसं एकाच क्षणी एकच गोष्ट श्रद्धेने करतात, तेव्हा बाजारावर परिणाम होतो, हे सिद्ध करता येईल. परवाच सरकारने सांगितलं की परदेशाचं कर्ज सध्या फेडता येत नाही. म्हणजे तळ गाठला. तळ गाठला की वरच जायचं असतं.

गॅस संपलेला. अंगणात तीन विटा मांडल्या. सुजीवाने फुंकर घातली, मी घड्याळ धरलं. दूधभात उतू गेला, शुभ असतं. पहिला घास तिने मला भरवला आणि म्हणाली, अहो, एकदा भंतेंकडे जाऊन या. ते काही खाणार नाहीत तुम्हाला.

म्हटलं, मी कुठे घाबरतोय?

ती म्हणाली, मी कुठे म्हटलं घाबरताय?

धूर डोळ्यात गेला होता, म्हणून बराच वेळ रुमाल लावून बसलो.

१५ एप्रिल, शुक्रवार

उद्या पोया, समितीची बैठक. माझ्यावर तुटून पडणार हे उघड आहे. इनोका टीचर तर खडूच घेऊन येईल. बचावाचे सात मुद्दे तयार केले. एक, जागतिक परिस्थिती. दोन, तेलाचे भाव. तीन, लोकांच्यातल्या श्रद्धेचा अभाव. चार, मर्विनने लेखी आग्रह धरला नव्हता. पाच, बँकेतल्या त्या पोराने 'नक्की ना' विचारलं, पण कारण सांगितलं नाही. सहा, आकड्यांपेक्षा हेतू बघावा. सात, हेतू चांगला होता.

सहा आणि सात एकच आहेत की काय? असू दे. सात बरे दिसतात.

सुजीवासमोर तालीम केली. एकवीस मिनिटं. ती शेवटपर्यंत जागी होती.

१६ एप्रिल, शनिवार. पोया

गेलो. सगळ्यात मागे खांबाला टेकून बसलो. कागद खिशात, हात कागदावर.

भंते उभे राहिले. म्हणाले, छपराच्या पैशांचं नुकसान झालंय. डॉलर मोडायचा आणि थांबायचा निर्णय माझा होता. सही माझी होती. मी परवा हेमालीला नागोयाला फोन केला आणि तिची क्षमा मागितली.

माझं नाव येईल म्हणून मी कागद खिशातून अर्धा काढला. आलं नाही.

भंते पुढे म्हणाले, हेमाली बराच वेळ रडली. मग म्हणाली, भंते, पत्रे नसले तरी चालेल, मुलांच्या अंगावर पाणी पडू देऊ नका.

मी वाट बघत होतो. कुणीतरी उठावं, माझ्याकडे बोट दाखवावं. म्हणजे मला बोलता आलं असतं. इनोका टीचर उठली तेव्हा मी सरसावून बसलो. ती म्हणाली, वर डोंगरात जुनी चहाची फॅक्टरी पाडतायत, तिथली कौलं फुकट नेऊ देतायत, फक्त वाहतूक आपली. कैच्यांच्या ऐवजी नारळाचे वासे. मर्विन म्हणाला, मजुरी मी घेत नाही, माझी दोन पोरं इथेच शिकली. पियरत्न म्हणाला, काम चालेल तितके दिवस खाणं बेकरीचं. अर्ध्या तासात सगळं ठरलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी श्रमदान. पावसाआधी.

सभा संपली. लोक माझ्या बाजूने चपला घालून गेले. दोघांनी नमस्कार केला, नेहमीसारखा. रागावलेलं कुणी दिसलं नाही. माझी आठवणच कुणाला नव्हती.

शेवटी भंते आले. खांबाशी थांबून म्हणाले, एकनायके, जेवलात का?

सात मुद्द्यांतला एकही ह्या प्रश्नाला लागू पडत नव्हता.

१७ एप्रिल, रविवार

काही लिहिण्यासारखं नाही.

२० एप्रिल, बुधवार

हेमालीला पत्र लिहायला बसलो. 'जागतिक परिस्थिती' इथपर्यंत आलो आणि थांबलो. ती मुलगी सहा वर्षं परक्या देशात म्हाताऱ्यांना उचलून न्हाऊ घालतेय. तिला तेलाचे भाव काय सांगायचे?

पान फाडलं. मग आठवलं, पानं मोजकी आहेत. पाठकोऱ्या बाजूवर हेच लिहितोय.

२४ एप्रिल, रविवार. संध्याकाळ

श्रमदान. सकाळी सातला गेलो. कामाची शास्त्रशुद्ध विभागणी कशी करावी ह्याचं टिपण बरोबर नेलं होतं.

तिथे आधीच शंभरावर माणसं. ट्रॅक्टरमधून कौलं उतरत होती, हातोहात रांगेतून पुढे जात होती. सुजीवा बायकांबरोबर खोबरं खवत होती. तिने मला पाहिलं आणि खवणं थांबवलं नाही. मर्विन वाशांवर बसून ओरडत होता. टिपण कुणाला द्यावं हे कळेना. एका म्हाताऱ्याला दिलं. त्याने पुरचुंडी करून त्यात खिळे ठेवले.

रांगेत उभा राहिलो. चौथं कौल हातातून निसटलं, फुटलं. कुणी रागावलं नाही. हळूच मला रांगेतून बाहेर काढलं आणि दोन्हीकडची माणसं सरकून जागा भरून आली.

मग इनोका टीचर आली. साडी खोचलेली, डोक्याला फडकं. म्हणाली, सर, रिकामे आहात ना? ही शिडी धरा. जमीन ओली आहे, सरकते.

ती वर चढली. आठ पत्रांबद्दल काही बोलेल असं वाटलं होतं. नाही बोलली. मीच सुरुवात केली. म्हटलं, टीचर, तुम्ही ती टक्केवारी काढली होती, त्यात मूळ आकडा कुठला धरायचा हा खरा प्रश्न आहे. कारण समजा, रुपयाची...

शिडी सोडून हातवारे करत समजावत होतो. शिडी वीतभर सरकली. वर ती दोन्ही हातांनी वाशाला लटकली. खाली बायका किंचाळल्या.

ती वरून म्हणाली, सर, बोलू नका. धरा.

धरली. चार वाजेपर्यंत.